पाकिटावरचे पत्ते

आमच्या घरातल्या कॅमेऱ्यातून एक अनोळखी माणूस माझ्या वडिलांशी बोलला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेही बाबांनी सहज विषय काढला म्हणून. सकाळी मी डबे भरत होते आणि ते ओट्याजवळ उभे राहून चहा गाळत होते.

"तुझ्या ऑफिसातला तो मुलगा बरा वाटला," ते म्हणाले. "बोलतो फार, पण बरा आहे."

"कुठला मुलगा?"

"कालचा. कॅमेऱ्यातून बोलला तो. मी दुपारचा चहा घेत होतो, तर म्हणाला, अंकल, बिस्किट नहीं है क्या साथ में? मी म्हटलं, खतम हो गया. मग चौकशी करत बसला. कुठून आलात, घरात कोण कोण असतं, दुपारी एकटेच असता का."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? जे आहे ते सांगितलं."

माझ्या ऑफिसातल्या कोणालाही आमच्या घरातला कॅमेरा माहीत नव्हता. मी डबा तसाच ठेवला, हॉलमध्ये गेले आणि टीव्हीशेजारच्या फळीवरचा तो पांढरा, अंड्याएवढा कॅमेरा प्लगमधून काढला. बाबा दारात उभे राहून बघत होते. त्यांच्या हातातली गाळणी टपटप गळत होती.

आई गेल्यावर बाबा पुण्याहून आमच्याकडे नोएडाला आले, त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. चौदाव्या मजल्यावरचं आमचं घर सकाळी आठला रिकामं व्हायचं. नवरा एका बाजूला, मी गुडगावला, मुलगी शाळेत. ती तीनला परत यायची. मधले सात तास बाबा एकटे. एकदा ते न्हाणीघरात घसरले आणि आम्हाला सांगितलंच नाही. कोपरावरचा काळा-निळा डाग बघून कळलं. त्यानंतर मी तो कॅमेरा ऑनलाइन मागवला. बाबांना सांगितलं, चोरीमारीसाठी आहे, हल्ली सगळेच बसवतात. त्यांनी मान डोलावली आणि फळी पुसून दिली.

नेटवर्क सुरक्षित ठेवणं हेच माझं काम आहे. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कंपन्यांना सांगत आले की कुठलंही यंत्र घेतलंत की पहिल्यांदा त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. घरच्या कॅमेऱ्याचा मी बदलला नव्हता. आल्या दिवशी घाई होती, मग राहून गेलं. असले न बदललेले पासवर्ड वापरून लोकांच्या घरात शिरणारी माणसं आहेत आणि त्यातली काही निव्वळ करमणूक म्हणून शिरतात. त्या दिवशीचा माणूस बहुधा त्यातलाच असावा, कारण पुढे काही झालं नाही. पण हे मला आज म्हणता येतं.

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चोराला आपण घरची सगळी माहिती दिली याचं त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"म्हणजे बाहेर बसून कधीही त्यातून माणूस दिसतो?"

"हो."

"तू बघायचीस?"

"हो."

"रोज?"

"दिवसातून दोन-तीनदा. तुम्ही ठीक आहात ना, एवढंच."

त्यांनी कपबशी विसळून पालथी घातली. मग म्हणाले, "कधी कधी मी बनियनवर असायचो."

नवऱ्याने विषय बदलून क्रिकेटवर नेला.

फायरवॉल बनवायचं मी त्याच आठवड्यात ठरवलं. घरातली यंत्रं आणि बाहेरचं इंटरनेट यांच्या मध्ये बसणारी एक पेटी. कोण आत येईल, कोण बाहेर जाईल, ते तिने ठरवायचं. नवरा म्हणाला, "अगं, तयार मिळते की बाजारात. मोबाइलवरून दोन बटणं दाबली की झालं." त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण मला अशी पेटी हवी होती की जिच्या आत काय चाललंय ते सगळंच्या सगळं मला माहीत असेल. त्यात अपराधीपणाचाही भाग होता, हे नाकारत नाही.

शनिवारी नेहरू प्लेसच्या संगणक-बाजारात जाऊन एक वापरलेला छोटा संगणक आणला. पोथीच्या आकाराचा, पंखा नसलेला, मागे केबल लावायला चार भोकं. रविवारी जेवणं झाल्यावर तो जेवणाच्या टेबलावर मांडला. बाबा आपला चष्मा आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन समोर येऊन बसले. मी बोलावलं नव्हतं. पण टेलिफोन खात्यात त्यांनी छत्तीस वर्षं काढली, त्यातली पहिली बरीच तालुक्याच्या गावांतल्या एक्स्चेंजमध्ये. झाकण उघडलेलं यंत्र घरात असताना ते टीव्ही बघत बसतील, हे शक्य नव्हतं.

मी निवडलेली ऑपरेटिंग सिस्टिम जुनी, फुकट मिळणारी आणि दिसायला अगदी रूक्ष होती. काळा पडदा, पांढरी अक्षरं. पेनड्राइव्हवरून ती चालू झाली आणि एकेक प्रश्न विचारू लागली. कोणकोणते संच बसवायचे, त्याची यादी आली.

"हे काय?" बाबांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"खेळ."

"पहारेकऱ्याला खेळ कशाला? काढ."

मी काढले. चित्रमय पडदा काढला, त्याचे फाँट काढले, प्रोग्राम लिहायची साधनं काढली. बाबांना यात रस येऊ लागला. "आमचे एक साहेब म्हणायचे, जे बसवलंच नाही ते बिघडत नाही," ते म्हणाले. सिस्टिम बसायला सात-आठ मिनिटं लागली. मग आत कोणकोणती कामं आपोआप चालू आहेत, त्यांची यादी मी पडद्यावर आणली. यादी मोठी नव्हती, तरी बाबा प्रत्येक ओळीला "हे कोण?" विचारत होते. मी सांगायचे. मला एका वाक्यात पटण्यासारखं सांगता आलं नाही, तर ती ओळ जायची. ई-मेल पोचवणारा एक प्रोग्राम होता, तो गेला. छपाईचा गेला.

"हे?"

"हे बाहेरच्या घड्याळांना विचारून आपलं घड्याळ जुळवतं."

"आत घड्याळ नाहीये का?"

"आहे."

"मग रोज उठून बाहेर कशाला विचारायचं?"

मला त्या क्षणी ते पटलं. किंवा असं म्हणू, की समोर बसलेला माणूस कॅमेऱ्याच्या प्रकरणानंतर पहिल्यांदा माझ्याशी मोकळेपणाने बोलत होता आणि मला त्याच्याशी वाद घालायचा नव्हता. तेही काढलं.

मग नियम लिहायला घेतले. पहिला नियम, सगळं बंद. त्याखाली एकेक खिडकी उघडत जायचं. घरातल्यांना बाहेर जाता यावं, बाहेरच्यांना आपणहून आत येता येऊ नये, टीव्हीने फक्त टीव्हीपुरतं बघावं. मी माझ्या लॅपटॉपवरून ते लिहून चालू केले आणि त्याच क्षणी लॅपटॉपचा पेटीशी संबंध तुटला. सगळं बंद करताना मी स्वतःसाठीच खिडकी ठेवायची विसरले होते.

"काय झालं?"

"मीच बाहेर राहिले."

बाबा हसायला लागले. इतके, की आतून मुलगी धावत आली. "क्या हुआ? काय झालं?" तिला सांगितल्यावर तीही हसली. शेवटी टीव्हीची केबल पेटीला लावून, कीबोर्ड जोडून, मी नियम दुरुस्त केले.

पेटी कुठे ठेवायची यावर बाबा म्हणाले, "त्या कोनाड्यात ठेव."

"कोनाडा मतलब?" मुलीने विचारलं.

"भिंतीत असते ना खोबण, ती." त्यांनी तिला दारामागची जागा नेऊन दाखवली. बिल्डरने तिथे मीटरसाठी जागा सोडली होती आणि मग मीटर दुसरीकडेच बसवला होता. मुलीने कोनाडा, कोनाडा असं दोनदा म्हणून पाहिलं.

घरातल्या प्रत्येक यंत्राला मी एकेक कायमचा क्रमांक दिला. बाबांनी ते त्यांच्या डायरीत ओळीने, सुवाच्य अक्षरात लिहून घेतले. त्यांच्या टॅबचा क्रमांक बारा. माझा लॅपटॉप दहा. शेवटी मी नोंदी चालू केल्या. कुठलं यंत्र किती वाजता बाहेरच्या कुठल्या साइटचा पत्ता मागतं, ते पेटी एकाखाली एक लिहीत जाणार होती. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. बाबा जवळ येऊन बघत राहिले.

"यात काय काय दिसतं?"

"कोण कुठे गेलं ते. तिथे जाऊन काय वाचलं, काय लिहिलं, ते नाही दिसत."

"म्हणजे पत्र फोडत नाहीस, पण पाकिटावरचा पत्ता वाचतेस."

"हो, तसंच."

"हे नको."

"बाबा, आठवडाभर लागेल. सगळं नीट चालतंय का, कॅमेऱ्यासारखं आणखी काही घरात आहे का, ते बघायला. मग बंद करते."

"मग बंद कर," ते म्हणाले.

आठवड्याने त्यांनी विचारलं, "बंद केलंस का ते?" मी मोजे चढवत होते, कॅब खाली येऊन थांबली होती. मी म्हटलं, हो. तेव्हा ते खोटं नव्हतं असं मला वाटतं. संध्याकाळी करायचं असं मनात धरून मी हो म्हटलं होतं. संध्याकाळी बंद करण्याआधी सवयीने एकदा वरपासून खालपर्यंत नजर टाकली, आणि मग बंद केलं नाही.

बारा क्रमांक रोज सकाळी अकराच्या सुमाराला रेल्वेच्या तिकिटांच्या साइटवर जात होता. त्याच्यानंतर पुण्याजवळच्या एका संस्थेच्या साइटवर. ती मी उघडून पाहिली. गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी, ज्येष्ठ लोकांसाठी एकेका खोलीची घरं, एकत्र जेवण, आठवड्याला डॉक्टर. रोज तीच साइट. कधी अर्ध्या तासात चार वेळा.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग विचार ना त्यांना सरळ."

"विचारलं तर कसं कळलं ते सांगावं लागेल."

"मग नको विचारू. ते सांगतील तेव्हा सांगतील."

"आणि मधल्या काळात मी रोज त्यांच्यासमोर जेवायला बसू?"

"बसतेच आहेस की," तो म्हणाला.

असे दहा दिवस गेले. त्या दिवसांत मी त्यांच्या आवडीच्या गोष्टी करत राहिले. शेपूची भाजी केली. शनिवारी त्यांना कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात घेऊन गेले. तिथे मराठी वर्तमानपत्रं असतात आणि कँटीनमध्ये चार ओळखीचे चेहरे भेटतात. मुनिरकाहून आलेली, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी दोन मुलं शेजारच्या टेबलावर होती. बाबा त्यांच्याशी तासभर बोलले. एकाचं गाव त्यांना चांगलं माहीत निघालं, तिथल्या एक्स्चेंजमध्ये ते दीड वर्ष होते. परतताना मेट्रोत म्हणाले, "छान वाटलं." मला त्या दोन शब्दांतही तिकीट दिसत होतं. मला राग आला होता, पण तो नेमका कोणाचा, ते ठरवता येत नव्हतं.

अकराव्या दिवशी दुपारी ऑफिसात त्यांचा फोन आला.

"अगं, इंटरनेट गेलंय."

"लाइट आहे का?"

"आत्ता आली. ट्रान्सफॉर्मरचं काम होतं, दोन तास बंद होती. आपला इन्व्हर्टरपण बसला शेवटी."

"टॅबवर काय दिसतंय?"

"साइट सापडत नाही म्हणतो. कुठलीच."

"मी आल्यावर बघते ना. घाई आहे का?"

"आहे जरा."

मी एका काचेच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसले. त्यांना पेटीला टीव्हीची केबल लावायला सांगितली, कीबोर्ड जोडायला सांगितला. कुठली केबल, कुठलं भोक, हे मला दोनदा सांगावं लागलं नाही. पासवर्ड एकेक अक्षर सांगितला. ते प्रत्येक अक्षर म्हणून दाखवत होते आणि मगच दाबत होते.

"आता लिहा, टी, ए, आय, एल. मग थोडी जागा सोडा."

"स्पेस म्हण. कळतं मला."

शेवटच्या काही नोंदी पडद्यावर आणायची ती कमांड होती. पत्ते शोधताना पेटीचं नेमकं काय चुकतंय, ते त्यात दिसणार होतं. त्याच यादीत आणखी काय असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. बिघाड समोर असला की मला दुसरं काही दिसत नाही.

"आल्या ओळी," बाबा म्हणाले. "सुरुवातीला तारीख आहे. पण ही चुकीची आहे गं. वर्षच चुकलंय. चार वर्षं मागचं दाखवतोय." मग जरा थांबून, "म्हणजे तुझी आई होती तेव्हाचं."

"हो," मी म्हटलं. बिघाड माझ्या लक्षात आला होता. वापरलेल्या पेटीतला घड्याळाचा इवलासा सेल मेलेला होता. वीज गेल्यावर घड्याळ मागे पडलं, आणि ते परत जुळवणारा प्रोग्राम आम्हीच काढून टाकला होता. साइटच्या पत्त्यासोबत खरेपणाची, तारीख घातलेली डिजिटल सही येते; त्या सह्या पेटीच्या हिशोबाने अजून भविष्यातल्या होत्या, म्हणून ती प्रत्येक पत्ता खोटा ठरवून नाकारत होती. पण खात्री करावी म्हणून मी विचारलं, "तारखेच्या पुढे काय आहे?"

"पुढे नंबर. शेवटी बारा." ते थांबले. "बारा म्हणजे माझा."

तेव्हा मला कळलं.

"त्याच्यापुढे रेल्वेचं नाव," बाबा वाचत होते. त्यांचा आवाज बदलला नव्हता. "खालच्या ओळीत पुन्हा बारा. पुन्हा रेल्वे. त्याच्याखाली बारा, आणि पुढे..."

ती ओळ त्यांनी वाचली नाही. काचेपलीकडून माझ्या टीममधली मुलगी हाताने विचारत होती, मीटिंगला येतेयस ना. मी भिंतीकडे तोंड केलं. फोनमधून आमच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"पुढे काय टाइप करू?" बाबांनी विचारलं.

मी त्यांना तारीख आणि वेळ बदलायची कमांड सांगितली. आकडे त्यांनी त्यांच्या मनगटावरच्या घड्याळावरून घेतले. मग पत्ते शोधणारा प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायला सांगितला.

"आलं," ते म्हणाले.

"सगळं?"

"सगळं. ठेवतो."

मीटिंगमध्ये मी काय बोलले ते आठवत नाही. कोणी तक्रार केली नाही, म्हणजे ठीकच बोलले असणार.

घरी पोचले तेव्हा साडेसहा झाले होते. बाबा जेवणाच्या टेबलावर मटार सोलत बसले होते. थंडीत आमच्याकडे पोत्याने मटार येतो. मुलगी ट्यूशनला गेली होती. मी हात धुऊन समोर बसले आणि सोलायला लागले. टीव्हीची केबल त्यांनी परत टीव्हीला लावून ठेवली होती.

"मी बंद केलं नव्हतं," मी म्हटलं.

"दिसलं."

"आधी राहून गेलं. मग मी बघितलं. मग मुद्दाम नाही केलं."

"किती दिवस झाले बघून?"

"दहा."

त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. "मी सांगणारच होतो. तिकीट हातात आल्यावर."

"आधी का नाही?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी मला पटवलं असतं. मी पटतो लवकर."

"कॅमेऱ्यामुळे चाललात का?"

"नाही. दिवाळीच्या आधीपासून डोक्यात होतं. कॅमेरा नंतर झाला." त्यांनी पुढची शेंग उचलली. "इथे मला कोणी काही कमी केलं नाही. जावईसुद्धा चांगले आहेत, पोर गोड आहे. पण दिवसभर माझं कोणाला काही काम नसतं. तू आल्यावर विचारतेस, आज काय केलंत. मला सांगायला काही नसतं. मग मी वर्तमानपत्रातलं सांगतो."

मी म्हटलं, "मला विचारता आलं नाही. कसं विचारणार होते?"

"ते मला कळतं," बाबा म्हणाले. "तू दहा दिवस कसे काढलेस ते मला चांगलं कळतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. बहुतेक आईनेही नसावं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ते गावापासून लांबच्या एका एक्स्चेंजमध्ये होते. लाइन तपासताना कानाला फोन लावावा लागायचा आणि मध्ये कोणाचं बोलणं असेल तर लगेच काढायचा, हा नियम. ऐकणं गुन्हा होता, नोकरी जायची. एकदा त्यांनी लाइन लावली तर पलीकडे त्यांचे थोरले भाऊ बोलत होते. गावातल्या डॉक्टरांच्या फोनवरून मुंबईच्या मामांशी; गावाकडचे मुंबईचे फोन त्याच एक्स्चेंजमधून जायचे. आईला कॅन्सर आहे, फार दिवस नाहीत, धाकट्याला इतक्यात कळवू नका, त्याची नोकरी कायम व्हायची आहे. धाकटा म्हणजे बाबा.

"मी फोन काढला नाही," ते म्हणाले. "शेवटपर्यंत ऐकलं."

"मग?"

"मग काय? कोणाला सांगणार? दादाला विचारलं असतं तर कसं कळलं म्हणाला असता. महिनाभर पत्रात लिहीत होतो, आईची तब्येत कशी आहे. दादा लिहायचा, उत्तम. शेवटी दात दुखतो म्हणून खोटी रजा काढली आणि गेलो. आई अंगणात बसली होती. मला म्हणाली, दात कुठला दुखतो, बघू." त्यांनी सालं एका बाजूला सारली. "मी तोंड उघडून दाखवलं."

बाहेरून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, कोणाच्या तरी घरातल्या. आम्ही दोघं मटार सोलत राहिलो. त्यांच्या आवाजात रडू नव्हतं, आणि मलाही आलं नाही. पण त्या दहा दिवसांचं जे ओझं होतं, ते त्यांनी टेबलावरून उचलून स्वतःच्या बाजूला ठेवलं, असं मला वाटलं.

"तिकीट मिळालं का?" मी विचारलं.

"वेटिंग आहे. अठरा."

"होईल कन्फर्म. मी बघते."

"मीच बघतो," ते म्हणाले. "तू ते आधी बंद कर."

मी उठले. या वेळी ते माझ्यामागे आले आणि पुन्हा कीबोर्ड जोडला. त्यांना नुसत्या माझ्या शब्दावर विसंबायचं नव्हतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. नोंदी करायला सांगणारी ओळ मी त्यांना दाखवली. ती त्यांनी स्वतः पुसली, जुन्या नोंदींची फाइलही स्वतः पुसली. मग टॅबवर एक साइट उघडून आले आणि पडद्यावर काही उमटत नाही ना, ते बघितलं. घड्याळ जुळवणारा प्रोग्राम आम्ही परत बसवला. "ही माझी चूक," बाबा म्हणाले. "ही तरी माझी." तेवढ्यात मुलगी ट्यूशनहून आली आणि तिला भूक लागली होती.

तिकीट आठ दिवसांनी कन्फर्म झालं. तोपर्यंत नवऱ्याने एकदा त्यांना थांबवून पाहिलं, उन्हाळ्यापर्यंत तरी राहा म्हणाला. बाबा त्याला नेहमीच्या आदराने म्हणाले, "अहो, तुमच्या सांगण्यामुळे मी राहीनसुद्धा. म्हणून तर सांगू नका." शेजारपाजाऱ्यांना त्यांनी दिल्लीची हवा मानवत नाही असं कारण दिलं. ते सगळ्यांना पटलं, आणि एक-दोघांनी आपणही इथून जायला हवं असं बोलून दाखवलं. निजामुद्दीन स्टेशनवर आम्ही तिघं सोडायला गेलो. गाडी सुटेपर्यंत मुलगी डब्यात त्यांच्या शेजारी बसली होती. तिला खाली उतरवावं लागलं. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "आजोबा गेले तर आता मराठी कोणाशी बोलू?" नवरा म्हणाला, आमच्याशी. आम्ही दोघंही तिच्याशी अर्धं हिंदीच बोलतो.

मी चैत्रात त्यांच्याकडे जाऊन आले. पुण्याहून तासाभराचा रस्ता. खोली लहान होती, पण तीन बाजूंनी उजेड यायचा. त्यांनी शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचे रेडिओ दुरुस्त केले होते. तिसऱ्याचा उघडून ठेवला होता आणि त्याचा एक भाग कुठेच मिळत नव्हता. ते जरा बारीक झाले होते. गुडघा दुखत होता आणि ते त्यांनी मला फोनवर सांगितलं नव्हतं. दुपारी आम्ही जेवणघरात गेलो. वाढणाऱ्या बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "या कोण?"

नोएडात दोन वर्षं लिफ्टमध्ये, बागेत, भाजीवाल्याकडे मी लोकांना सांगत असे, मेरे पापा हैं, पुणे से आए हैं. बाबा तेव्हा नुसते हात जोडून उभे राहायचे.

"माझी मुलगी," बाबा म्हणाले. "दिल्लीला असते. तिला आमटी जास्त वाढा."